‘स्मशानातील सोनं’ : लोभाची कथा की बंद खाणीची?

१

अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा मराठी वाचकाला परिचित आहे. ती पाठ्यपुस्तकांतून शिकवली गेली, पुन्हा पुन्हा छापली गेली, तिच्यावर परीक्षेत प्रश्न विचारले गेले. परंतु या कथेविषयी जे लिहिले-बोलले जाते त्यातला बराच भाग एका शब्दापाशी येऊन थांबतो. तो शब्द म्हणजे ‘लोभ’. भीमा सोन्याच्या लोभाने प्रेते उकरतो आणि त्या लोभाची शिक्षा म्हणून हाताची बोटे गमावून बसतो, असा अर्थ लावला जातो. दुसरे काहीजण स्मशानाच्या वर्णनाचे, कोल्ह्यांशी झालेल्या झुंजीचे कौतुक करतात. एकाला कथेत नीतिपाठ दिसतो, दुसऱ्याला भयानक रस दिसतो. खाण दोघांनाही दिसत नाही.

मी तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. ही कथा शिकवताना गेली काही वर्षे माझ्या लक्षात येत आहे की समोर बसलेल्या मुलांना भीमाची घृणा वाटत नाही आणि फारशी दयाही येत नाही. त्यांना तो ओळखीचा वाटतो. त्यांचे भाऊ, मित्र, कधी ते स्वतः मोबाइलवर शेअर बाजारातील ऑप्शनचे व्यवहार करतात, व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामच्या ग्रुपवर दामदुपटीच्या योजनांत पैसे भरतात, आणि गमावतात. त्यांच्याविषयीही समाज तोच शब्द उच्चारतो : लोभ. ‘लोभाने बुडाले’ असे म्हटले की बोलणाऱ्याची सुटका होते. पुढे काही विचारावे लागत नाही.

म्हणून या कथेचे पुनर्वाचन मला निव्वळ वाङ्मयीन काम वाटत नाही. ज्या शब्दाने भीमाचा अर्थ चुकीचा लावला गेला, त्याच शब्दाने आज आपल्या मुलांचाही लावला जात आहे. समीक्षेतली चूक आणि समाजातली चूक एकाच मुळाची आहे, एवढे मला दाखवायचे आहे.

२

कथेतील घटनांचा क्रम पाहावा. भीमा हा वारणाकाठचा धिप्पाड माणूस. कामासाठी तो मुंबईला येतो. मुंबई त्याला काम देत नाही. तेव्हा उपनगराच्या कडेला, जंगलालगतच्या दगडाच्या खाणीवर तो काम धरतो. बायको-मुलीला आणून संसार मांडतो. पहाड फोडण्यासाठीच जणू त्याचे शरीर घडले आहे, आणि ते काम तो जीव ओतून करतो. मग खाण बंद पडते. बेकारी येते. या बेकारीच्या दिवसांत त्याला प्रेताच्या राखेत सोने चमकताना दिसते. तिथून राख चाळणे, तिथून पुरलेली प्रेते उकरणे, कोल्ह्यांशी झुंज आणि शेवटी प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटे. दोन बोटे जातात. आणि त्याच वेळी बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली आहे. हे ऐकून भीमा लहान मुलासारखा रडतो.

आता प्रश्न असा की अण्णा भाऊंना लोभाची शिक्षा दाखवायची होती, तर बोटे तुटल्यावर कथा संपायला हवी होती. नीतिकथेला तेवढे पुरते. खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी नीतिकथेच्या दृष्टीने अनावश्यक आहे. पण अण्णा भाऊंच्या दृष्टीने तीच अत्यावश्यक आहे. घटनाक्रमाच्या दोन्ही टोकांना त्यांनी खाण उभी केली आहे. खाण बंद पडते म्हणून भीमा स्मशानात जातो. खाण सुरू होते तेव्हा तो खाणीच्या उपयोगाचा उरत नाही. गेलेली बोटे ही सुतकी चावे मारणारी बोटे नव्हेत, ती पहाड फोडणारी बोटे होती. भीमाने सोने गमावले म्हणून तो रडत नाही. श्रम करण्याची आपली ताकद गेली, म्हणून तो रडतो. लोभी माणूस असा रडत नाही. कामकरी माणूसच असा रडतो.

एकदा वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, खाण परत सुरू होणार आहे, हे त्याला कुणी सांगितलं होतं का?” मला वाटते, या कथेवर झालेल्या पुष्कळ लिखाणापेक्षा हा प्रश्न कथेच्या अधिक जवळ जातो. भीमाला कुणी काही सांगितले नव्हते. खाण का बंद पडली, किती दिवस बंद राहील, हे मालकाला ठाऊक असेल. मजुराला ते कळवण्याची गरज कुणाला वाटली नाही. अनिश्चितता ही देखील शोषणाचीच एक रीत आहे. ज्याला उद्याचा भरवसा नाही तो आजच्या आज मिळेल त्या सोन्याकडे वळतो. त्याला धीर नाही असे म्हणणाऱ्यांनी आधी त्याला तारीख सांगावी.

३

आजची बंद खाण कोणती, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. तरी नोंद असावी. मे २०२० मध्ये कोरोनाच्या काळात राज्य शासनाने आरोग्यासारखी खाती वगळून नवी पदभरती थांबवली. त्याच सुमारास राज्यसेवेची पूर्व परीक्षा पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली, आणि मार्च २०२१ मध्ये पुण्यात स्पर्धा परीक्षेची मुले रस्त्यावर उतरली. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. विरोध झाल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तो मागे घेतला. कंत्राटाच्या दाराने आरक्षण बाहेर जाते, हे आपल्या कार्यकर्त्यांनी तेव्हा बरोबर ओळखले होते. महाविद्यालयांत तर रिकाम्या जागांवर तासिका तत्त्वावर शिकवणारी मुले वयाची पस्तिशी ओलांडत आहेत. तास घेतले तर पैसे, सुट्टीत काही नाही.

या मुलांच्या हाती एक मोबाइल आहे. त्यात बसल्या जागी, कागदाशिवाय, कुणाच्या ओळखीशिवाय डीमॅट खाते उघडते. आणि त्यातच राखेत सोने चमकते.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातील आकडे प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावेत असे आहेत. २०२१-२२ ते २०२३-२४ या ३ वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या १ कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. खर्च धरून माणशी तोटा सरासरी सुमारे २ लाख रुपये. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. २०२३-२४ मध्ये व्यवहार करणाऱ्यांपैकी ४३ टक्के तिशीच्या आतले होते, आणि तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न ५ लाखांच्या आत दाखवले होते. पुढच्या वर्षी, म्हणजे २०२४-२५ मध्येही ९१ टक्के तोट्यातच राहिले आणि तोट्याची रक्कम १ लाख कोटींच्या वर गेली.

दहांपैकी नऊ माणसे एकाच खड्ड्यात पडत असतील, तर नऊ जणांच्या स्वभावाची चौकशी करायची की खड्ड्याची? लोभ हा माणसागणिक कमी-अधिक असतो. तो दहांपैकी नऊ जणांना सारखे फळ देत नाही. असे फळ रचना देते.

ही रचना समजून घेतली पाहिजे. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या मुदतीपर्यंत ठरलेल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क. त्या हक्काची किंमत आगाऊ मोजावी लागते. दिवस सरतो तसा हा हक्क झिजत जातो, आणि मुदतीच्या दिवशी भाव अपेक्षित जागी पोचला नाही तर शून्य होतो. शेअर घेतला तर तो पडला तरी हाती काही राहते. इथे काही राहत नाही. आणि मुदत आठवड्याची. थोड्या रकमेत मोठा व्यवहार करता येतो, म्हणून तो गरिबाला परवडतो. आणि थोडी रक्कम पुन्हा पुन्हा जाते, म्हणून ती गेल्याचे त्याला उशिरा कळते.

मग हे पैसे जातात कुठे? त्याच अभ्यासात उत्तर आहे. २०२३-२४ मध्ये या बाजारात स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या दलाल संस्थांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी रुपयांचा ढोबळ नफा मिळवला, आणि त्यातला जवळजवळ सगळा नफा संगणकाच्या आज्ञावलीने व्यवहार करणाऱ्यांचा होता. शिवाय दलाली आणि शुल्क तोट्याच्या व्यवहारावरही द्यावेच लागते. भीमाच्या स्मशानात कोल्हे होते. ते दात विचकत समोर येत आणि भीमा त्यांच्याशी झुंजू शकत असे. इथे समोर काच आहे. काचेपलीकडे कोण बसले आहे ते तासिकेवरच्या मास्तराला दिसत नाही.

४

आतापर्यंत सांगितले ते कायद्याच्या चौकटीत चालणाऱ्या बाजाराविषयी. त्याच्या सावलीत दुसरा बाजार आहे, तो निखळ फसवणुकीचा.

अनोळखी ग्रुपवर कुणी ‘सर’ रोज नफ्याचे आकडे टाकतात. मग एक बनावट अॅप उतरवून घ्यायला सांगतात. भरलेले ५ हजार त्यात ७ हजार दिसतात. पहिल्यांदा मागितले की थोडे परतही मिळतात. विश्वास बसावा म्हणून ते दिलेलेच असतात. मग मोठी रक्कम भरली जाते. ती अॅपमध्ये फुगत राहते, पण काढायला गेले की ‘आधी कर भरा’, ‘आधी शुल्क भरा’ असे सुरू होते. शेवटी ग्रुपही नाहीसा होतो. त्या अॅपमधला आकडा म्हणजे पैसा नव्हताच, ते नुसते चित्र होते.

दुसरा प्रकार साखळीचा. १९२० मध्ये अमेरिकेत बॉस्टन शहरी चार्ल्स पाँझी नावाच्या इसमाने ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचे आमिष दाखवले, आणि नव्यांच्या मुद्दलातून जुन्यांना नफा वाटला. नवे येणे थांबले तेव्हा सगळे कोसळले. शंभर वर्षांत या रीतीत काही बदल झालेला नाही. फक्त पाटी बदलते. २०१८ मध्ये पुण्यात गुन्हे दाखल झालेल्या गेनबिटकॉइन प्रकरणात १८ महिने दरमहा १० टक्क्यांचे आश्वासन होते, आणि पाटीवर आभासी चलन होते. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत टोरेस प्रकरण उघड झाले, तेव्हा पाटीवर दागिने आणि खडे होते. दर आठवड्याला परतावा मिळेल म्हणून त्यात पैसे भरणाऱ्यांत भाजी विकणारी माणसे होती. दादरच्या बंद दुकानासमोर जमलेली गर्दी अनेकांनी दूरचित्रवाणीवर पाहिली असेल.

इथे अण्णा भाऊंच्या कथेपेक्षा आजची गोष्ट एका बाबतीत अधिक क्रूर आहे. भीमाला राखेत मिळणारे सोने मेलेल्या माणसाचे होते, आणि ते खरे सोने होते. साखळीत जे सोने मिळते ते मागून येणाऱ्या दुसऱ्या भीमाच्या घामाचे असते. वस्तीतल्या एकाला नफा मिळाला याचा अर्थ वस्तीतल्या चौघांचे मुद्दल त्याच्या हाती आले. आणि तो ते पुढच्या आठ जणांना दाखवतो. साखळी नात्यांवर चालते : मेहुणा, मावसभाऊ, वसतिगृहातला जोडीदार, विहारात भेटणारा शेजारी. शतकानुशतके उपेक्षेत राहिलेल्या समाजाने एकमेकांवर विश्वास ठेवूनच दिवस काढले. तो विश्वास हेच आपले भांडवल होते. योजनेवाला नेमके तेच लुटतो.

आणखी एक गोष्ट. लुटीचा पैसा फिरवायला बँकेची खाती लागतात. चार-पाच हजारांसाठी खाते, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या हाती देणारी मुले आपल्याच वर्गातली असतात. पोलिस तपास करीत येतात ते त्यांच्या दारी. ज्याने पैसे नेले तो दूर असतो. २०२२ पासून नोकरीच्या आमिषाने कंबोडिया आणि म्यानमारला नेलेल्या भारतीय तरुणांना कोंडून त्यांच्याकडून हेच फसवणुकीचे काम करून घेतल्याची प्रकरणे उघड झाली आहेत. म्हणजे भीमालाच कोल्हा व्हायला लावायचे, आणि पकडला जाईल तेव्हा भीमा म्हणूनच पकडायचा.

५

या योजनांच्या भाषेची समीक्षा आपण केली पाहिजे. ते आपलेच काम आहे, कारण ती भाषा आपल्याकडून उचललेली आहे.

योजनेवाल्याचे भाषण ऐकावे. नोकरी म्हणजे गुलामी, असे तो सांगतो. स्वतःचा मालक हो, असे सांगतो. बापाने जे सोसले ते मुलाने सोसू नये, असे सांगतो. स्वातंत्र्य, स्वाभिमान, जागृती, क्रांती हे शब्द त्याच्या तोंडी सारखे असतात. आपल्या वस्तीत सभा असेल तर व्यासपीठावर महापुरुषांच्या तसबिरीही असतात. गुलामी हा शब्द जोतीराव फुल्यांनी १८७३ साली पुस्तकाच्या नावातच आणला तो एका समूहाने दुसऱ्या समूहावर लादलेल्या दास्याला नाव देण्यासाठी. योजनेवाला तो शब्द घेतो आणि त्यातला समूह काढून टाकतो. उरतो एकटा माणूस आणि त्याचा मोबाइल.

मग मुख्य सिद्धान्त येतो. गरीब राहणे ही गरिबाच्या मानसिकतेची चूक आहे; विचार बदला, पैसा येईल; आला नाही तर तुमचा विश्वास कमी पडला. हा सिद्धान्त आपण कुठे ऐकला आहे? पूर्वी सांगत, तुझे दारिद्र्य हे मागच्या जन्माच्या कर्माचे फळ. आता सांगतात, ते याच जन्मीच्या मानसिकतेचे फळ. जन्म बदलला, न्यायाधीश तोच राहिला. दोन्ही सिद्धान्तांत जमीन कुणाच्या नावावर आहे, शाळा कुणाला मिळाली, भरती कुणी थांबवली, हे प्रश्न निघत नाहीत. कर्मसिद्धान्त नाकारून ज्या समाजाने १९५६ साली धम्माचा स्वीकार केला, त्याच्या तरुणांना तो सिद्धान्त इंग्रजी टाय लावून परत विकला जात आहे. याला नकार देणे हे वैचारिक काम आहे, आणि ते अजून पुरेसे झालेले नाही.

६

आता एक अवघड प्रश्न. आपले काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, शेअर बाजार आपला नव्हेच; मुलांनी त्या वाटेला जाऊ नये. मला हे उत्तर पटत नाही.

बाबासाहेबांच्या चरित्रकारांनी एक गोष्ट नोंदवली आहे. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत आल्यावर त्यांनी पोटासाठी जे उद्योग केले, त्यांत शेअर व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसायही होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो बंद करावा लागला. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेला, पुढे १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ प्रसिद्ध करणारा माणूस. त्याचा सल्ला चुकीचा होता म्हणून नव्हे, तर त्याची जात कळली म्हणून गिऱ्हाइके गेली. बाजाराचे ज्ञान आपल्याला वर्ज्य आहे असे बाबासाहेबांनी मानले नाही. वर्ज्य आपल्याला केले गेले.

या पार्श्वभूमीवर आजच्या तरुणाला मोबाइलचे आकर्षण का वाटते, ते ध्यानात येईल. मोबाइल जात विचारत नाही. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेतल्या नायकाला परगावी राहण्यासाठी जात लपवावी लागली. इथे ती लपवावी लागत नाही. मुलाखतीच्या खोलीत आडनाव ऐकून बदलणारे चेहरे इथे नाहीत. पाटील असो, कांबळे असो, बटण सारखेच दाबले जाते. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक दारात आधी जात सांगावी लागली, त्याला हे दार उघडे वाटले तर त्याला लोभ म्हणायचे? मी याला समतेची तहान म्हणतो. ती तहान खरी आहे. पाणी खोटे आहे.

कारण आत जाताना जात विचारली गेली नाही, तरी तोटा झाल्यावर ती विचारली जाते. सेबीच्या त्या अभ्यासात वय आहे, उत्पन्न आहे, शहर आहे. जातीचा रकाना नाही. पण तोटा घरी पोचतो तेव्हा रकाना आपोआप उमटतो. ज्याच्या मागे वीस एकर बागायत आहे, दुकान आहे, नोकरदार काका आहे, त्याचे २ लाख गेले तर वडील चार शिव्या देतात आणि विषय मिटतो. माझा एक माजी विद्यार्थी तासिकेवर शिकवत होता. त्याने स्वतःचे साठवलेले, आईने बचत गटातून उचललेले आणि बहिणीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले असे मिळून पावणेदोन लाख अशाच एका बनावट अॅपमध्ये घातले. आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते. गटाचा हप्ता महिन्याला येतो, तो तिने खुरपणीच्या मजुरीतून दीड वर्ष फेडला. मुलाने पीएच.डी.चे काम सोडले आणि पुण्याजवळ एका गोदामात रात्रपाळी धरली. एका घरातली पहिली पदवी, तिच्यावरची पहिली उमेद, आणि त्या घराचा पुढचा शिकणारा मुलगा, एवढे सगळे त्या पावणेदोन लाखांत गेले. हीच भीमाची दोन बोटे. उद्या भरती निघाली तरी हा मुलगा अर्ज करण्याच्या स्थितीत नसेल.

आपल्याकडे गमावण्यासाठी जादा असे काही नसते, हा आपल्या अर्थकारणाचा पहिला नियम आहे. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये विमा हा शासनाच्या ताब्यात असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला मिळकतीच्या प्रमाणात विमा सक्तीचा असावा, अशी मागणी केली होती. कष्टकऱ्याच्या असुरक्षिततेला त्यांचे उत्तर हे होते : सगळ्यांनी मिळून जोखीम वाटून घ्यावी. आजची योजना नेमके उलट सांगते : सगळ्यांची जोखीम तू एकट्याने उचल.

७

आपल्या साहित्याविषयीही बोलले पाहिजे. दया पवारांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) आपल्या आत्मकथनांनी भूक, मार, अपमान निर्भयपणे लिहिला. जे लपवायला शिकवले गेले तेच उघड करणे, ही आपल्या वाङ्मयाची ताकद होती. पण पैशाच्या बाबतीत आपण अजून लाजतो. शिकलेल्या मुलाने फसून पैसे घालवले, ही गोष्ट घरात सांगितली जात नाही, विहारात सांगितली जात नाही, कथेतही फारशी येत नाही. शिकला म्हणजे शहाणा झाला, हे आपणच सांगत आलो. मग शिकलेला फसला, हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

ही लाज लुटणाऱ्याच्या फायद्याची आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकरी एकत्र जमले, सावकारांच्या घरांवर गेले आणि कर्जरोखे जाळले. त्याची परिणती म्हणून १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यांना ते जमले, कारण सावकार गावात होता, कागद डोळ्यांसमोर होता, आणि आपल्यासारखेच शेजाऱ्याचेही झाले आहे हे प्रत्येकाला ठाऊक होते. आजची लूट रात्री, एकेकट्याच्या खोलीत, पांघरुणाखाली होते. जाळायला कागद नाही. शेजारच्या खोलीतल्या मुलाचेही तेवढेच गेले आहेत, हे याला कळत नाही. अशा वेळी साहित्याचे पहिले काम एकेकट्याची लाज चौकात आणून ठेवणे हे आहे. आपल्या आत्मकथनांनी पूर्वी तेच केले होते.

आणि लिहिताना अण्णा भाऊंची एक गोष्ट घ्यावी. भीमा प्रेते उकरतो, हे त्यांनी झाकले नाही, त्याला साधू केले नाही. पण त्याला शरमेच्या पिंजऱ्यातही उभे केले नाही. त्याला खाणीसकट दाखवले. वाटेगावहून आलेल्या, मुंबईत चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहिलेल्या या लेखकाला बेकारी ठाऊक होती, म्हणून त्याला निवाडा करण्याची घाई नव्हती. कथेत एक उणीव मात्र जाणवते. राखेतले सोने विकत घेणारा बाजार कथेच्या कडेलाच राहतो. आजच्या लेखकाला ती मोकळीक नाही. त्याला स्मशानाइतकाच बाजारही आतून लिहावा लागेल : दलाली, शुल्क, मुदत, भाड्याची खाती, साखळी, सगळे.

८

शेवटी कामाच्या गोष्टी. ऑप्शन कसा झिजतो आणि साखळी कशी कोसळते, हे आपल्या अभ्यास मंडळांत आणि वसतिगृहांत फळ्यावर आकडे मांडून शिकवावे. त्याला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. परताव्याची हमी देणारा कुणीही असो, त्याची सेबीकडे नोंदणी आहे का ते आधी पाहावे. नोंदणीकृत सल्लागाराला हमी देताच येत नाही, एवढे माहीत असले तरी निम्मे बनाव ओळखू येतात. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत १९३० या क्रमांकावर तक्रार केली, तर ते पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. म्हणून लाज बाजूला ठेवून त्याच रात्री फोन करायला लावावे. ठेवी घेऊन बुडवणाऱ्या संस्थांविरुद्ध राज्याचा १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्राचा कायदा आहे. त्यांखाली एकट्याने लढणे कठीण आहे. वस्तीने मिळून तक्रार द्यावी, एका वकिलामार्फत पाठपुरावा करावा. आणि खाते भाड्याने देणे म्हणजे तुरुंगाची वाट, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रवेशाच्या दिवशीच सांगावे.

परंतु एवढ्याने भागणार नाही. राखेत सोने नाही, असे भीमाला कितीही पटवले तरी घरी चूल पेटायची असते. रिकाम्या जागा भरा, कंत्राटाच्या वाटेने आरक्षण संपवू नका, शिष्यवृत्ती वेळेवर द्या, भरतीची तारीख सांगा आणि ती पाळा, या मागण्या वरवर पाहता या विषयाबाहेरच्या वाटतील. त्या या विषयाच्या मुळाशी आहेत. त्या वर्गातल्या मुलाने जे विचारले तेच आपण शासनाला विचारत राहिले पाहिजे. खाण कधी सुरू होणार, ते बोटे शाबूत आहेत तोवर सांगा.